कोकणातील निवास-न्याहारी : नांदत्या घरातला पाहुणचार

दिवेआगर, हरिहरेश्वर, गुहागर, तारकर्ली, देवबाग अशा कोकण किनाऱ्यावरील गावांतून घरगुती राहण्याजेवणाच्या सोयीच्या पाट्या जागोजागी दिसतात, आणि त्यांच्यामागे जी व्यवस्था उभी आहे तिला शासकीय परिभाषेत 'निवास व न्याहारी' म्हणतात. घरमालकाने राहत्या घरातील काही खोल्या प्रवाशांना भाड्याने द्याव्यात, सकाळची न्याहारी त्याच घरात रांधली जावी आणि मालकाचे कुटुंब तेथेच नांदत असावे, हे तिचे मूळ स्वरूप होय. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या योजनेत अशा घराला जास्तीत जास्त 6 खोल्यांची, म्हणजे 12 खाटांची मर्यादा आहे. ही मर्यादा व्यवसायाला जाचक वाटली, तरी या व्यवस्थेचे बहुतेक गुण तिच्यातूनच उपजले आहेत.

कोकणात ही व्यवस्था रुजण्यास स्थानिक परिस्थिती कारणीभूत झाली. पिढ्यान्‌पिढ्या घरातील कर्ते पुरुष चाकरमानी म्हणून, म्हणजे नोकरीनिमित्त, मुंबईस गेल्यामुळे गावाकडची मोठी घरे वर्षातील बराच काळ अर्धी रिकामी राहत. 1997 मध्ये सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला, आणि शहरातील कुटुंबे किनाऱ्याकडे वळू लागली, तेव्हा मोठ्या भांडवलाची हॉटेले नसलेल्या गावांत या रिकाम्या खोल्यांना नवे प्रयोजन मिळाले.

जुन्या कोकणी घराची रचनाही पाहुण्याला सामावून घेणारी आहे. चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, भिंती आणि वर कौलारू छप्पर असलेल्या या घरापुढे खळे, म्हणजे सारवलेले अंगण, असते. त्यानंतर पडवी, मग बैठकीची ओटी आणि त्यापलीकडे कुटुंबाच्या वावराचे माजघर येते. परका माणूस किती आत येईल, हे या क्रमानेच ठरत असल्यामुळे प्रवाशाला घरात घेऊनही कुटुंबाचे खासगीपण अबाधित राहते.

या व्यवस्थेचे मर्म न्याहारीत सर्वांत स्पष्ट दिसते. घावण, म्हणजे तांदळाचे पातळ जाळीदार धिरडे, करण्यासाठी तांदूळ आदल्या रात्री भिजत घालून सकाळी बारीक वाटतात आणि ते पीठ मिठासह पाण्यात ताकाइतके पातळ करतात. आंबोळीप्रमाणे ते आंबवावे लागत नाही. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तापलेल्या तव्यावर तेल फिरवून हे पीठ ओतले की त्याला लगेच जाळी पडते. मग झाकण ठेवून वाफ आणतात आणि कडा सुटल्यावर घावण कालथ्याने अलगद उचलतात. ओल्या खोबऱ्याची चटणी किंवा गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस यांसोबत ते गरम असतानाच खावे लागते. एका वेळी एकच घावण उतरत असल्याने बारा माणसांना ते तव्यावरून थेट पानात वाढता येते, मात्र शंभर माणसांच्या पंक्तीला ते तसे पुरवणे अवघड होते.

निसर्गही याच मर्यादेची जाणीव करून देतो. कोकणात पाऊस विपुल असला, तरी जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी झपाट्याने निचरते आणि एप्रिल-मे महिन्यांत, नेमकी प्रवाशांची गर्दी असताना, अनेक विहिरी तळ गाठतात. खोल्या वाढवल्या की पाण्याचा उपसा वाढतो आणि त्याची झळ शेजारच्या वाडीतील माडा-पोफळींनाही बसू शकते. शिवाय गणेशोत्सवात चाकरमानी घरी परततात, तेव्हा याच खोल्या घरच्या माणसांना लागतात, आणि त्या काळात कुटुंबाची गरज व्यवसायाच्या पुढे ठेवावी लागते.

या व्यवसायाचा मोठा भार घरातील स्त्रीवर असतो: रांधणे, वाढणे, खोल्यांची निगा, आगुळ (म्हणजे कोकमाचा खारवलेला रस), कोकम आणि फणसपोळीची विक्री, ही कामे बहुधा तीच सांभाळते. महाराष्ट्र शासनाच्या 2023 च्या 'आई' या महिलाकेंद्रित पर्यटन धोरणाने या श्रमाकडे उद्योग म्हणून पाहिले, हे स्वागतार्ह आहे; परंतु धोरणाचा लाभ तिच्यापर्यंत पोहोचायचा असेल, तर नोंदणी आणि बँक खाते तिच्या नावावर असणे आवश्यक आहे.

किनाऱ्यावर पर्यटन वाढत असताना यशस्वी घरमालकाला मजले चढवून लॉज काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, परंतु तसे केल्यास मालक व्यवस्थापक होतो, न्याहारी बाहेरून येऊ लागते आणि प्रवासी ज्यासाठी आला ते घरच उरत नाही. म्हणून एका घरातील खोल्या वाढवण्यापेक्षा गावात अशा घरांची संख्या वाढवणे, हाच या व्यवस्थेच्या विस्ताराचा योग्य मार्ग आहे, कारण त्यामुळे उत्पन्न अनेक कुटुंबांत वाटले जाते आणि पाहुणचाराचा दर्जाही टिकतो.