बोगद्यातली गाडी कळते कशी?

प्रतिकृती रेल्वेच्या मांडणीत बोगद्यात शिरलेली गाडी दिसेनाशी होते. आत आधीच दुसरी गाडी उभी असेल, तर टक्कर अटळ ठरते. ती टाळण्यासाठी मार्गाचे 'ब्लॉक' पाडले जातात. प्रत्येक ब्लॉकचा एक रूळ दोन्ही टोकांना कापून अलग करतात आणि त्याला वीज देणारी तार संवेदकातून नेतात. इंजिनाने वीज घेताच नियंत्रण फलकावरील दिवा लागतो. वाघिणी वीज घेत नाहीत. म्हणून त्यांच्या आसांवर सुमारे १० किलोओहमचा रोधक बसवतात.

फलक दूर असला, तरी संवेदक रुळांजवळच असावा. डिजिटल नियंत्रणात संवेदकापासून रुळापर्यंतची तार लांबली, तर सूक्ष्म गळतीमुळे रिकामा ब्लॉकही व्यापलेला दिसू शकतो. फलकापर्यंत केवळ संकेताच्या तारा न्याव्यात.

खऱ्या रेल्वेसाठी विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये अमेरिकेत बंद परिपथाचे पेटंट घेतले. त्यात रिकाम्या रुळांतून वीज सतत वाहते. गाडी आली किंवा तार तुटली, की सिग्नल धोका दाखवतो. प्रतिकृतीत नेमके उलट घडते. वीजतार तुटली, तर गाडी आत असूनही ब्लॉक मोकळा भासतो. म्हणूनच विझलेल्या दिव्यावर विसंबण्यापूर्वी जोडण्या तपासणे इष्ट.