पाणी कोण वाचवतं : नळ की हात?

आज आपण सिरसाळ्यात, परळी तालुक्यात बोलतोय. टंचाई म्हणजे काय हे इथं कुणाला शिकवायची गरज नाही. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. त्यामुळे नवं घर, शाळा किंवा वसतिगृह बांधताना पाणी वाचवणारे नळ आणि दोन बटणांची फ्लश टाकी बसवावी, हा विचार योग्यच आहे. पण या वस्तूंच्या खोक्यावर जेवढी बचत छापलेली असते, तेवढी घरात होते का?

हिशेब करून बघू. जलजीवन मिशननं खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलंय. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. प्रत्येकजण दिवसात पाचदा फ्लश करतो असं धरू, एकदा शौचासाठी आणि चारदा लघवीसाठी. जुनी टाकी १० लिटरची असेल तर २५० लिटर तिथंच गेले. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, धुणंभांडी या सगळ्याला उरले २५!

आता ६ आणि ३ लिटरची दोन बटणांची टाकी घ्या. माणशी १८ लिटर, म्हणजे घराला ९०. पण कुठलं बटण कशासाठी हे कुणी सांगितलंच नाही आणि प्रत्येकानं दरवेळी मोठंच दाबलं, तर १५० लिटर. रोजचा फरक ६० लिटरचा, महिन्याचा १८०० लिटरचा. टाकी तीच, फरक फक्त बोटाचा.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या बऱ्याच शौचालयांत जास्त उताराचं ग्रामीण भांडं असतं. त्याला दीड-दोन लिटर पाणी ओतलं की पुरतं. अशा घरात डब्यानं पाणी ओतणारी माणसं टाकी वापरू लागली, तर पाण्याचा वापर उलट वाढतो. तिथं नवी वस्तू न बसवणं हीच बचत!

नळाकडे येऊ. नळाची कामं दोन प्रकारची. हात धुणं, दात घासणं ही वेळेवर मोजली जाणारी कामं. मिनिटाला १२ लिटर सोडणाऱ्या नळाला जाळी लावून तो ६ वर आणला, तर इथं निम्मं पाणी वाचतं. पण बादली भरणं हे भांड्यावर मोजलं जाणारं काम आहे. २० लिटरची बादली २० लिटरच घेणार, फक्त उशिरा भरणार. बहुतेक आंघोळी बादलीनं होत असतील, तर जाळीनं तिथं काहीच वाचत नाही. आणि दात घासताना नवा नळ दोन मिनिटं सोडून ठेवला, तर १२ लिटर गेले. तेच काम तांब्याभर पाण्यात होतं.

लोक जाळ्या काढून टाकतात, अशी तक्रार ऐकू येते. पण त्यांचं काय चुकलं? गच्चीवरची टाकी नळापासून तीन मीटर उंच असेल, तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. जास्त दाबासाठी बनवलेल्या जाळीतून मग धार बारीक येते. त्यात बोअरचं क्षाराचं पाणी जाळीची छिद्रं बुजवतं. वैतागून माणूस जाळी काढतो, आणि बचत शून्य. म्हणून कमी दाबावर चालणारी जाळी मागून घ्यावी आणि अधूनमधून लिंबाच्या रसात बुडवून साफ करावी.

शेवटचा धोका मनाचा. इंजिनं सुधारली की कोळसा कमी न लागता जास्तच लागू शकतो, असं जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १८६५ मध्ये मांडलं होतं. पाण्याचंही तसंच होऊ शकतं. ‘आपला नळ बचतीचा आहे, राहू दे चालू’ असं म्हटलं की वाचलेलं पाणी तिथंच संपतं.

मग करायचं काय? बटणांवर ठळक खुणा करा. शाळेत पहिल्याच दिवशी मुलांना बटणं दाबून दाखवा. खरेदीआधी आपल्या घरात पाणी बादलीनं जातं की धारेनं, हे आठवडाभर बघा. आणि टाकी गळते का, हे तपासायला रात्री तिच्या पाण्यात थोडा खाण्याचा रंग टाका. फ्लश न करता अर्ध्या तासानं भांड्यात रंग दिसला, तर पाणी गुपचूप चाललंय. अशी गळती थांबवल्याशिवाय नव्या नळाचा खर्च करू नका.

वस्तू पाणी वाचवण्याची सोय करून देते. प्रत्यक्ष वाचवतात ती घरातली माणसं. आता तुमचे प्रश्न घेऊ.