थारोळ्यावरची दहा वर्षं

या उन्हाळ्यात आमच्या गावविहिरीवर लोखंडी जाळी बसली. मुलं बुडू नयेत म्हणून बसवली, असं सांगितलं गेलं आणि त्या हेतूशी माझं भांडण नाही. पण जाळी बसताना एक शहाणा म्हणाला, "आता इथं पोहतंय कोण?" ते वाक्य मला लागलं. कारण याच विहिरीवर एके काळी पन्नाशीची माणसं पोहायला शिकली आहेत.

त्याआधीच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाठीला भोपळा किंवा डबा बांधायचा, कुणीतरी वरून ढकलायचं, नाकातोंडात पाणी जायचं आणि चार दिवसांत पोर तरंगायला लागायचं. एवढ्यावर शिक्षण संपे. मग आयुष्यभर मुटके मारायचे आणि मान वर काढून म्हशीसारखं डुंबायचं. यालाच आम्ही पोहणं म्हणत होतो.

खरं पोहणं आलं ते १९९४च्या सुमारास. पुण्याच्या टिळक तलावात तयार झालेले एक क्रीडाशिक्षक बदली होऊन आमच्या भागात आले. पहाटे विहिरीवर आम्हा मोठ्यांची धडपड त्यांनी दोन दिवस नुसती पाहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुम्ही सगळे श्वास कोंडून पोहता, म्हणून दमता." पाण्यात तोंड घालून हवा सगळी बाहेर सोडायची आणि तोंड कडेला वळेल तेव्हा फक्त घ्यायची, हा त्यांचा पहिला धडा. पायरीवर बसून आम्ही बापय माणसं बुडबुडे काढत होतो आणि पाणी भरायला आलेल्या बाया हसत होत्या.

दुसरा धडा मानेचा. डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, मग निम्मी ताकद नुसतं वर राहण्यात खर्ची पडते. नजर तळाकडे ठेवली की अंग आपोआप आडवं होतं. पाय गुडघ्यातून नव्हे, मांडीतून हलवायचे. हात पुढं टाकल्यावर कोपर वर राहिलं पाहिजे, म्हणजे पाणी तळव्यासोबत अख्ख्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या हाताला लागतं. हे ऐकायला सोपं आहे, पण चाळीस वर्षांची सवय मोडायला एक अख्खा उन्हाळा गेला.

विहिरीत लांबी मिळत नाही, पाच-सहा हातांत कपार येते. म्हणून पावसाळ्यानंतर आम्ही ७२च्या दुष्काळात रोजगार हमीवर खोदलेल्या पाझर तलावावर जायचो. दोराला रिकामे डबे बांधून अंतर आखायचं आणि किती हातांत पार होतं ते मोजायचं. हात कमी झाले की पोहणं सुधारलं, असा गुरुजींचा हिशेब होता. जोर लावणारा मागं राहायचा आणि सावकाश लांब हात मारणारा पुढं जायचा, हे तिथं रोज दिसायचं.

पण खरी कमाई काठावरची होती. थारोळ्यावर उभं राहून एकानं दुसऱ्याचं पाहायचं, हा नियम होता. शेतकरी, कंपाउंडर, बँकेतला कारकून, एसटीचा कंडक्टर सगळे त्यात होते. विशीतला पोरगा वडिलांच्या वयाच्या माणसाला बिनदिक्कत सांगायचा, "आबा, उजवं कोपर पडतंय." आणि आबा ऐकायचे. गावात दुसऱ्या कुठल्या जागी लहान्यानं मोठ्याला असं सांगितलेलं मी पाहिलेलं नाही. १ मे १९९९ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्या दिवशीही आमची पहाट चुकली नाही. गणपती विसर्जनाला कयाधूच्या काठावर हीच मंडळी दोर घेऊन उभी असायची, कुणी सांगितलं नसताना.

एक सल मात्र उगाळल्याशिवाय राहवत नाही. एका आरोग्यसेविकेनं दुपारची वेळ बायांसाठी मागितली. गुरुजी तयार होते, त्यांच्या पत्नी शिकवणार होत्या. चार दिवस वर्ग चालला. मग गावातल्या काही प्रतिष्ठितांना संस्कृती आठवली आणि तो बंद पडला. धुणं धुवायला पाण्याकाठी बायाच जातात. पाय घसरतो तोही त्यांचाच. तो वर्ग बंद पाडणाऱ्यांना मी तेव्हा माफ केलं नाही, आजही करत नाही.

पुढं गुरुजींची बदली झाली. भारनियमनात शेतीला वीज रात्री मिळू लागली, मोटारी रात्रभर चालत आणि पहाटे पाणी तळाला गेलेलं असे. मग बोअर आले, एकापेक्षा एक खोल, आणि विहिरीचे पाझर आटले. हळदीला आणि उसाला पाणी हवंच होतं, त्यात कुणा एकाचा दोष धरता येत नाही. माणसं पांगली. दोघं-तिघं अजून मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरातल्या सागरी स्पर्धेला जातात. प्रौढांचे गट असतात तिथं.

देशात २०२२मध्ये बुडून मेलेल्यांची सरकारी नोंद ३८ हजारांवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं यावर जे उपाय सांगितले, त्यांत पाण्याभोवती कुंपण आहेच. त्याच यादीत शाळकरी मुलांना पोहायला शिकवणं आणि आसपासच्या माणसांना बुडणाऱ्याला वाचवण्याचं शिक्षण देणंही आहे. आम्ही यादीतलं लोखंड तेवढं उचललं. सिद्धेश्वर आणि इसापूरसारखी धरणं ज्या जिल्ह्याच्या अंगाखांद्यावर आहेत, तिथं प्रत्येक पाण्यावर जाळी कशी टाकणार? त्या काठांवर "पोहण्यास मनाई"च्या पाट्या लावून भागणार नाही. गावविहिरीची जाळी पहाटे दोन तास उघडा, दोर आणि डबे द्या, आमच्यातले जे उरलेत ते विनामोबदला शिकवतील. आणि दुपारची वेळ पहिल्यांदा बायांना द्या.