पिकअपचे नाक उचलायचे? टायर तेच ठेवून गाडी ‘लेव्हल’ करण्याआधी हे मोजा

घोटीच्या बाजारपेठेत तांदळाची पोती भरायला उभ्या असलेल्या रिकाम्या पिकअप एकदा बाजूने पाहा. बहुतेक गाड्या मागून उंच आणि पुढून झुकलेल्या दिसतात. तीच गाडी माल भरून कसारा घाटाकडे निघते, तेव्हा जवळपास सरळ झालेली असते.

शेतीच्या कामासाठी किंवा घरच्या वापरासाठी पिकअप घेणाऱ्यांना मात्र हा झुकाव खटकतो. मग गॅरेजमध्ये विचारणा होते : टायर कंपनीचेच ठेवा, फक्त पुढची बाजू दीड-दोन इंच उचलून द्या. काम काही तासांचे असते. पण त्यातून नेमके काय मिळते आणि काय गमवावे लागते?

मागची बाजू मुळात उंच का असते?

पिकअपच्या मागे पाटे असतात आणि ते हौद्यातल्या मालाचा हिशेब धरून बनवलेले असतात. गाडी रिकामी असताना पाट्यांची कमान पूर्ण असते. वजन पडले की ती सपाट होत जाते आणि मागची बाजू खाली बसते. पुढच्या बाजूवर इंजिनचे वजन कायमच असते, त्यामुळे तिथली उंची मालाने फारशी बदलत नाही. म्हणजे रिकाम्या गाडीचा झुकाव हा दोष नाही. ती मालासाठी राखून ठेवलेली जागा आहे.

टायर तेच ठेवले तर काय बदलते?

इथे अनेकांचा गैरसमज होतो. मागच्या ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा हा बहुतेक पिकअपमध्ये जमिनीच्या सर्वांत जवळचा भाग असतो. त्याची उंची ठरते टायरवरून. पुढचे सस्पेन्शन दोन इंच उचलले तरी हा गोळा होता तिथेच राहतो. दगड, खाच, चाकोरीतला उंचवटा त्याला पूर्वीसारखाच लागणार.

फायदा होतो तो नाकापुरता. पुढचा बंपर आणि इंजिनखालची प्लेट वर जाते. भाताच्या बांधावर चढताना किंवा शिवाररस्त्याच्या खड्ड्यातून निघताना बंपर घासत नाही. शिवाय टायरचा आकार न बदलल्याने स्पीडोमीटर बरोबर वेग दाखवतो, गिअरची ओढ तशीच राहते आणि स्टेपनीही चालते. मोठे टायर घातले की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो.

उचलतात कसे?

पुढे कॉइल स्प्रिंग असेल तर शॉकॲब्सॉर्बरच्या वर जाड चकती, म्हणजे स्पेसर बसवतात. चकती एक इंचाची असली तरी गाडी एक इंचाहून जास्त उचलली जाते, कारण सस्पेन्शनची भुजा तरफेसारखी काम करते. टॉर्शन बार असेल तर बोल्ट आवळून उंची वाढवता येते. पुढेही पाटे असतील तर कमान वाढवतात किंवा एक पाटा जास्त घालतात. पण जास्तीच्या पाट्याने रिकामी गाडी पुढून आदळू लागते.

स्पेसर किंवा टॉर्शन बारने उंची वाढवली की चाकाला खाली जाण्यासाठी उरलेली जागा कमी होते. बॉलजॉइंट आणि फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढच्या चाकांचे ड्राइव्हशाफ्ट जास्त तिरके होऊन लवकर झिजतात. चाकांचे कोन बदलतात. अलाइनमेंट केले नाही तर नव्या टायरची एकच कड खाल्ली जाते आणि वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढही कमी होऊ शकते.

घाटात खरी परीक्षा

समजा, रिकामी गाडी ‘लेव्हल’ केली आणि मग तिच्यात माल भरला. आता मागची बाजू बसते आणि नाक वर जाते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर तीन मीटर धरले, तर पाच सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंशाचा कोन. आकडा किरकोळ वाटतो. पण हेडलाइट एक अंशाने वर गेला की ५० मीटरवर प्रकाशझोत सुमारे ८७ सेंटिमीटर वर सरकतो, थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत. पावसाळ्यात, कसाऱ्याच्या धुक्यात तर हाच झोत परतून तुमच्याही डोळ्यांवर येतो आणि जवळचा रस्ता अंधारात राहतो.

डॅशबोर्डवर हेडलाइट खाली-वर करण्याचे चक्र असेल, तर माल भरल्यावर ते फिरवायलाच हवे. पण त्याची मर्यादा ठरलेली असते.

आधी मोजा, मग ठरवा

सपाट जागा निवडा. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरा. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, हवेच्या दाबाने तो आकडा बदलतो. नंतर मोबाइलमधले लेव्हल ॲप उघडून फोन हौद्याच्या तळावर लांबीच्या दिशेने ठेवा आणि कोन पाहा.

आता तुम्ही नेहमी नेता तेवढाच माल भरून हीच मापे पुन्हा घ्या. मालासह गाडी सरळ झाली असेल, तर पुढची बाजू उचलू नका. मालासहही मागची बाजू स्पष्टपणे उंच राहत असेल, तरच विचार करा. तेव्हाही सगळा फरक भरून न काढता मागे थोडी उंची शिल्लक ठेवा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हीच भूमिका घेतली. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला कळवा.

जास्तीचा पाटा घातला म्हणून गाडीची नोंदणीतली वजनक्षमता वाढत नाही, हेही लक्षात ठेवा. जादा मालासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे.

थोडक्यात

रोज माल वाहणाऱ्या पिकअपचा झुकाव तसाच राहू द्या. बहुतेक वेळा रिकामी किंवा हलकी फिरणारी गाडी उचलायचीच असेल, तर अलाइनमेंट आणि हेडलाइटचे सेटिंग त्याच दिवशी करून घ्या. त्यानंतर नेहमीचा माल भरून, रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून झोत कुठे पडतो ते पाहा आणि मगच घाट उतरा.