पेचकस हाती घेण्याआधी

नंदुरबारजवळच्या रनाळ्यासारख्या गावात बंद पडलेली वस्तू कोणी लगेच टाकून देत नाही. विहिरीवरची मोटर जळाली की रिवाइंडिंग होतं, शिलाई मशीन अडलं की तेल सोडलं जातं. त्याच सवयीने, ट्रंकेतून आजोबांचा कॅमेरा निघाला की हात पेचकसाकडे जातो. घरी उघडावा की कारागिराकडे न्यावा, हा प्रश्न दोन स्क्रू हरवल्यावर पडतो. माझे तीन हरवले होते.

सगळ्यात महागात पडणारा समज तेलाचा. ‘शटर अडकतंय? मशीनचं तेल सोड दोन थेंब.’ पण लेन्समधल्या शटरची पाती अगदी पातळ असतात आणि ती कोरडीच चालावी लागतात. तेल लागलं की एकमेकांना चिकटतात, आणि उरलंसुरलं शटरही बसतं. मुळात अडकण्याचं कारण बहुधा जुनं, सुकलेलं ग्रीस असतं. त्यातून आपल्याकडचा मे महिना. पत्र्याखालच्या ट्रंकेत तापून फोकसच्या रिंगमधलं वंगण पातळ होतं आणि पात्यांवर उतरतं. त्याला साफसफाई हवी, आणि ती शटर सुटं करून. हे काम कारागिराचंच.

‘खटका वाजतो, म्हणजे कॅमेरा ठणठणीत’ हाही भ्रमच. आत रोल नसल्याची खात्री करा, वेग 1 सेकंदावर लावा आणि आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा. दोन सेकंद घरघर चालली, तर शटर मंदावलंय. 1/500 चा वेग मात्र कानाला कळत नाही. तो मोजायला यंत्र लागतं.

जुना कॅमेरा म्हणजे साधं यंत्र, असं म्हणणाऱ्याने बहुतेक फक्त आग्फा क्लिक थ्री पाहिलेला असतो. बडोद्याला बनलेला, भारतात घरोघरी पोचलेला हा डबा खरंच साधा: 120 चा रोल, 12 फोटो, फोकसची भानगडच नाही. पुसून, फुंकून, दाराची पट्टी नीट बसवून घरी चालू करावा, बेलाशक. त्याच कंपनीचा घडीचा आयसोलेट मात्र वेगळा. त्याचं पुढचं भिंग आट्यांवर फिरून फोकस होतं, आणि त्या आट्यांतलं हिरवट ग्रीस कालांतराने डिंकासारखं घट्ट होतं. मी जोर लावून ते भिंग फिरवलं, ते सुटून हातात आलं. कुठल्या आट्यापासून सुरू होतं, याची खूण केली नव्हती. परत बसवलं तेव्हा एक आटा चुकला असणार. पुढच्या रोलमध्ये दूरचं एकही झाड स्पष्ट आलं नाही.

फ्लॅश अंगातच असलेला कॅमेरा तर उघडूच नका. सेल काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास भार टिकून राहू शकतो.

सेलच्या बाबतीत उलटा घोळ होतो. सेल फुटून खण हिरवा-पांढरा झाला की लोक कॅमेराच भंगारात काढतात. अल्कलाइन सेलचा तो क्षार व्हिनेगरमध्ये जेमतेम भिजवलेल्या कापसाच्या काडीने निघतो. मग स्पिरिट फिरवायचं आणि पेन्सिलच्या खोडरबराने पत्रा घासायचा. दहा मिनिटांचं काम, घरचंच. पाऱ्याच्या 1.35 व्होल्टच्या जुन्या सेलऐवजी 1.5 चा टाकला तर लाइटमीटर चुकतो; कर्णयंत्राचा झिंक-एअर सेल त्याला जवळचा पडतो.

भिंगावरच्या बुरशीबद्दल घरोघरी एकच उपाय: ऊन दाखवा. उन्हाने वाढ थांबेल, जाळं जाणार नाही. बुरशीने भिंगावरचा लेप खाल्ला असेल तर तो कोणीच परत आणू शकत नाही. जाळं बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर पुसता येतं, आत असेल तर कारागीर. चामड्याच्या कव्हरमध्ये कॅमेरा ठेवणं मात्र आजच बंद करा. चामडं ओल धरतं.

‘कंपनीचं सर्व्हिस सेंटर असेलच की!’ नाही. याशिका बनवणाऱ्या क्योसेराने 2005 मध्ये कॅमेऱ्यांचा धंदाच गुंडाळला. आता भिस्त जुन्या हातांवर, मुंबईच्या फोर्टात बोरा बाजाराच्या आसपास विचारत फिरायचं. नंदुरबारहून सुरत त्याहून जवळ, तिथेही चौकशी करावी. पार्सल करायचं तर सेल काढून, आणि दोष काय तो कागदावर लिहून. ‘चालत नाही’ एवढंच लिहू नका.

माझा हिशेब असा: पेचकस न लावता होईल ते घरी, पेचकस लागला की बाहेर. जपानी कॅमेऱ्यांच्या अधिक खुणेच्या स्क्रूंना आपला बाजारातला पेचकस नीट बसतही नाही. डोकं घासलं की पुढे कारागिरालाही घाम फुटतो.

आणि यातलं काहीही करण्याआधी आत रोल आहे का ते पाहा. 35 मिमीच्या कॅमेऱ्यात रिवाइंडची खुंटी हलकेच फिरवा, अडली तर रोल आहे. 120 च्या कॅमेऱ्यात मागच्या लाल खिडकीत आकडा दिसतो. दिसला, तर दार उघडू नका. कृष्णधवल रोल कित्येक वर्षांनीही धुता येतो, आणि त्यावर कोण उभं असेल, सांगता येत नाही.