बारा माशांतले अकरा मासे

सोन्याची बांगडी आतून भिंगाखाली धरली, की तीन खुणा सापडतात: भारतीय मानक ब्युरोचा त्रिकोणी शिक्का, '२२के९१६' हा मजकूर आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख-क्रमांक. '९१६ आहे ना?' असं गिऱ्हाईक सराफाला हटकून विचारतं. हे ९१६ आले कुठून, ते मात्र सहसा कुणी विचारत नाही.

कॅरेटच्या हिशेबात अख्ख्या दागिन्याचे चोवीस भाग धरतात. बावीस कॅरेट म्हणजे बावीस भाग सोनं आणि दोन भाग हीण, बहुधा तांबं नि चांदी. सोन्याचा वाटा २२/२४. अंश-छेदांना २ने भागलं की ११/१२. जुन्या सराफी वजनांत हा अपूर्णांक तयारच होता: तोळ्याचे मासे बारा, त्यात अकरा मासे सोनं, एक मासा हीण. चोवीसला बऱ्याच संख्यांनी भाग जातो, म्हणून बाकीचे बरेच कॅरेटही आटोपशीर होतात. वीस म्हणजे ५/६, अठरा म्हणजे ३/४, नऊ म्हणजे ३/८. तेवीस मात्र हटून बसतो.

अठरा कॅरेटमध्ये सोनं आणि हीण यांचं गुणोत्तर ३:१. मग हीण एक तृतीयांश का? भलेभले इथे चकतात. एक तृतीयांश हे हीण सोन्याच्या तुलनेत झालं. दागिन्यातला वाटा काढायचा तर छेदात दोन्ही हवेत, तीन अधिक एक. हीण १/४.

आता ९१६. बाराच्या अवयवांत ३ आहे, दहाच्या नाही. त्यामुळे ११/१२ दशांशात मांडलं की ०.९१६६६… असं चालतच राहतं. शिक्क्यावर हजारातले ९१६ ठेवले, पुढची शेपटी छाटली. अठराचे ७५० मात्र बिनचूक येतात. चौदा कॅरेटचे, म्हणजे ७/१२चे, ५८३ व्हायला हवेत, पण शिक्का ५८५चा असतो. तिथे पारडं गिऱ्हाइकाकडे थोडं झुकलेलं आहे.

हे सगळे वाटे वजनाचे. अणू मोजायला बसलं, की चित्र पालटतं. सोन्याचा अणुभार सुमारे १९७, तांब्याचा ६३.५, सोन्याचा अणू तिपटीहून थोडा जड. अठरा कॅरेटमध्ये हीण म्हणून निव्वळ तांबं घातलं, तर सोनं वजनाने तिप्पट, पण अणूंची संख्या जवळपास सारखी. वजनाने ३/४ असलेलं सोनं अणूंच्या मोजणीत १/२वर येतं! याचा परिणाम थेट कारागिराच्या हाताला जाणवतो. हा मिश्रधातू तापवून सावकाश निवू दिला, तर सोन्या-तांब्याचे अणू एकाआड एक थरांत रचले जातात आणि धातू कडक होतो. तो घडवण्याजोगा मऊ राहावा म्हणून लाल तापवल्यावर झटकन पाण्यात बुडवतात.

खरेदीला जाताना एवढं करा. चोवीस कॅरेटच्या भावाला बाराने भागा, अकराने गुणा. समजा दहा ग्रॅमचा भाव १,२०,००० रुपये असेल, तर बावीस कॅरेटचा १,१०,०००च्या आसपास हवा. घडणावळ आणि जीएसटी वेगळे. फरक फार असेल, तर सराफाला कारण विचारा. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर एचयूआयडी सक्तीचा आहे. तो 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला, की शुद्धतेची नोंद घरबसल्या पाहता येते.