अभियांत्रिकी महाविद्यालयाचा जमाखर्च

ज्या राज्यात अभियांत्रिकीची खासगी महाविद्यालये शेकड्यांनी मोजावी लागतात, त्या राज्यात सरकारने स्वतःच्या तिजोरीतून तशीच महाविद्यालये चालविण्याचे कारण काय, हा प्रश्न अलीकडे वरचेवर विचारला जातो. आणि तो विचारणारे सारेच शिक्षणाचे वैरी असतात असे समजण्याचे काही कारण नाही. कर भरणाऱ्या नागरिकाला आपल्या पैशाचा हिशेब मागण्याचा हक्क आहे, आणि ज्या पैशातून एका तरुणाला अभियंता करावयाचे त्याच पैशातून एखाद्या खेड्यातील प्राथमिक शाळेचे गळके छप्पर दुरुस्त होऊ शकते, ही गोष्ट डोळ्यांआड करून उच्च शिक्षणाची नुसती थोरवी गाण्यात अर्थ नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजू सारख्याच काळजीने मांडून शोधले पाहिजे.

महाराष्ट्रात या विषयाचा इतिहास पुण्यापासून सुरू होतो. १८५३ च्या एप्रिल महिन्यात मुंबईहून ठाण्याला आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने एक वर्ग उघडण्यात आला. त्यामागचा सरकारचा हेतू अगदी व्यवहारी होता: रस्ते, पूल, कालवे आणि इमारती यांची कामे वाढत चालली होती, आणि त्यांवर देखरेख करणारी कनिष्ठ अधिकाऱ्यांची फळी विलायतेहून आणणे परवडणारे नव्हते. या वर्गाचे पुढे महाविद्यालय झाले, मुंबई विद्यापीठाशी त्याचा संबंध जडला, काही काळ शेतकी आणि वनविद्या यांचे शिक्षणही त्याच छपराखाली चालले, आणि १९११ साली त्याला ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ हे नाव मिळाले. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्याच १९६० साली कराड व औरंगाबाद येथे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली आणि १९६४ मध्ये अमरावतीचे निघाले. त्यानंतर १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली, आणि तेव्हापासून सरकारी महाविद्यालय हा अनेक पर्यायांतील एक पर्याय होऊन बसला. पुण्याचे महाविद्यालय २००३ च्या सुमारास स्वायत्त झाले आणि २०२२ साली त्याला विद्यापीठाचा दर्जा देण्यात आला.

आता खर्चाची बाजू पाहू. अंदाजपत्रकात दिसणारी रक्कम ही मुख्यतः अध्यापकांचे व कर्मचाऱ्यांचे पगार, प्रयोगशाळा, यंत्रसामग्री आणि वसतिगृहे यांची असते. परंतु खरा खर्च तेवढाच नसतो. नगराच्या मध्यभागी नदीकाठी पसरलेल्या जमिनीचे आजचे मोल कोणत्याही वहीत लिहिलेले नसते, आणि चार वर्षे शिकत राहिल्यामुळे विद्यार्थ्याच्या घरात जी मिळकत येऊ शकली नाही तिची नोंद कोणताही कारकून करीत नाही. गरीब घरातील मुलाच्या बाबतीत हा दुसरा खर्च फार मोठा असतो. कारण शुल्क माफ झाले तरी खानावळ, खोलीचे भाडे, पुस्तके आणि घरी न पोहोचणारी मजुरी या गोष्टी माफ होत नाहीत. याशिवाय एक तिसरा खर्च आहे, आणि तो म्हणजे त्याच पैशाच्या अन्य उपयोगाचा त्याग.

या तिसऱ्या खर्चाची जाणीव महाराष्ट्राला फार पूर्वी आणि फार तीव्र शब्दांत करून देण्यात आली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना महात्मा जोतीराव फुल्यांनी असे दाखवून दिले की सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. हा आक्षेप आजही तितकाच जिवंत आहे, आणि सरकारी महाविद्यालयाच्या कोणत्याही कैवाऱ्याला त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येणार नाही. परंतु सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घ्यावे, असा निष्कर्ष त्याच निवेदनात फुल्यांनी काढलेला नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. त्यांची मागणी प्राथमिक शिक्षणाला न्याय्य वाटा मिळावा आणि वरच्या शिक्षणाचा दरवाजा बहुजनांना उघडावा, अशी होती.

जमेच्या बाजूकडे वळताना पहिली अडचण मोजण्याच्या रीतीची येते, आणि तिच्यातून वाट काढण्यासाठी आपल्याच मुलखातील एक जुना वाद उपयोगी पडतो. इंग्रजी अमदानीत पाटबंधाऱ्यांच्या कामांचे दोन वर्ग केले जात: जी कामे आपल्या उत्पन्नातून भांडवलावरील व्याज फेडू शकतील ती उत्पादक, आणि जी तोट्यात चालली तरी दुष्काळापासून मुलखाचे रक्षण करतील ती संरक्षक. दख्खनचे बहुतेक कालवे दुसऱ्या वर्गात पडत, आणि पाणीपट्टीचे आकडे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला ते सरकारवरचा बोजा वाटत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रदेशाची पाहणी करून १९४८ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी पाणीपट्टीपाशी न थांबता वाढलेले पीक, मिळालेली मजुरी, चाललेला व्यापार आणि भोवतालच्या वस्तीची भरभराट असे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ हिशेबात धरले. त्याच प्रवरेच्या परिसरात पुढे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. कालव्याचा अप्रत्यक्ष लाभ म्हणजे काय, याचा याहून स्पष्ट दाखला शोधूनही सापडणार नाही.

सरकारी महाविद्यालयाचा हिशेबही याच रीतीने झाला पाहिजे. विद्यार्थ्यांचे शुल्क ही त्याची पाणीपट्टी होय, आणि तिच्यावरून महाविद्यालयाची किंमत ठरविणे हे कालव्याची किंमत पाणीपट्टीवरून ठरविण्याइतकेच अपुरे आहे. परंतु गाडगीळांच्या रीतीत एक कठोर बाजूही आहे: जो लाभ दाखवायचा तो खरोखर त्या कालव्यामुळेच झाला, हे सिद्ध करावे लागते. त्यामुळे आपण अभिमानाने सांगतो त्यातील काही गोष्टी जमेतून वगळाव्या लागतात. पुण्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह २२ जून २०१६ रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अग्निबाणाने अवकाशात नेला, ही आनंदाची गोष्ट खरीच; पण त्याच अग्निबाणातून चेन्नईच्या सत्यभामा या खासगी विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा उपग्रहही गेला, आणि म्हणून अशा यशावर केवळ सरकारी महाविद्यालयाचा हक्क सांगता येत नाही.

मग खास त्याच्या नावावर जमा करता येईल असे काय उरते? सर्वांत पहिली गोष्ट म्हणजे पैशावाचून गुणवत्तेला मिळणारा प्रवेश. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे वडील ते लहान असतानाच वारले होते. बंगळूरला पदवी घेतल्यानंतर म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याला आले, आणि १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी सुमारे दोन तपे चाकरी केली. खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारी दारे बसविली, आणि दख्खनच्या कालव्यांसाठी पाणीवाटपाची ‘ब्लॉक’ पद्धती आखली. त्यानंतर ज्या संस्थानाने शिष्यवृत्ती दिली त्या संस्थानाचे ते मुख्य अभियंता आणि पुढे दिवाण झाले. एका शिष्यवृत्तीच्या रकमेपुढे हा परतावा ठेवून पाहिला म्हणजे व्याजाचा दर काढण्याचा कोणताही प्रयत्न थिटा पडतो. याच महाविद्यालयातून बाहेर पडलेले अमृतलाल ठक्कर नोकरी सोडून आदिवासींच्या आणि दलितांच्या सेवेत आयुष्य घालवून ‘ठक्कर बाप्पा’ झाले, हा लाभ तर रुपयांत मांडण्याजोगाच नाही.

दुसरी गोष्ट सार्वजनिक कामांच्या निःपक्ष तपासणीची. पुलाला वापरलेले काँक्रीट आणि पोलाद अंदाजपत्रकात लिहिल्याप्रमाणे आहे की नाही, जुनी इमारत आणखी किती वर्षे उभी राहू शकेल, याचा निवाडा करण्यासाठी कंत्राटदाराच्या मिंधेपणातून मुक्त असलेली प्रयोगशाळा आणि निर्भय अध्यापक लागतो. मुंबईत अंधेरीचा नवा गोखले पूल आणि त्याला लागून असलेला बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या उंचीचा मेळ बसेना, तेव्हा महापालिकेने सरकारी अनुदानावर चालणाऱ्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेचा सल्ला घेतला, आणि जुना पूल न पाडता त्याचा भाग उचलून २०२४ मध्ये दोन्ही पूल जोडण्यात आले. असा सल्ला ज्या क्षणी लागतो त्या क्षणी तो देणारी माणसे तयार असावी लागतात. आणि ती तयार होण्यासाठी आधी पुष्कळ वर्षे त्यांच्या प्रयोगशाळांवर निमूटपणे खर्च करावा लागतो. हे कार्य संरक्षक कालव्याचे आहे, आणि त्याचे मोल दुष्काळाच्या वर्षी कळते.

तिसरी गोष्ट अशी की बाजारात ज्या शाखेला या वर्षी मागणी आहे तीच शाखा वाढविण्याकडे शुल्कावर जगणाऱ्या महाविद्यालयाचा कल असणे स्वाभाविक आहे, आणि त्यात त्याचा दोष नाही; पण धातुशास्त्र, पाटबंधारे, भूमितंत्र अशा ज्ञानशाखा मागणीच्या ओहोटीतही जिवंत राहाव्या लागतात, आणि ते काम सार्वजनिक पैशावाचून होत नाही.

या जमेतून एक मोठी वजावट मात्र करावी लागते. पुण्यात जन्मलेले आणि १९५६ साली येथील महाविद्यालयातून पदवीधर झालेले थॉमस कैलाथ अमेरिकेत गेले व स्टॅनफर्ड विद्यापीठात विश्वविख्यात संशोधक झाले. त्यांच्या विद्येचा लाभ साऱ्या जगाला झाला, तथापि ज्या करदात्याने त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला त्याच्या वाट्याला त्यातील अल्पांशच आला असे म्हणणाऱ्याला चुकीचे ठरविता येत नाही. पदवीनंतर काही वर्षे सरकारी सेवा सक्तीची करावी, असा उपाय यावर सुचविला जातो. तो मला पटत नाही. कारण सरकारी खात्यांत तेवढ्या जागाच नसतात, आणि मनाविरुद्ध राबणारा अभियंता पुलाच्या कामावर असण्यापेक्षा नसलेला बरा. शिक्षणाचा वैयक्तिक लाभ ज्याला भरपूर झाला त्याच्याकडून पुढे ऐपतीप्रमाणे परतफेड घ्यावी आणि ती रक्कम पुढील पिढीच्या शिष्यवृत्त्यांत घालावी, हा मार्ग अधिक न्याय्य आहे.

येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. खासगी महाविद्यालये सरकारला फुकट पडतात, असे मानले जाते. वस्तुतः मागास व दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती सरकारच करते, आणि आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, आर्थिक व सामाजिकदृष्ट्या मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शुल्क माफ करण्याच्या जुलै २०२४ च्या निर्णयानंतर हा भार वाढला आहे. तो निर्णय स्तुत्यच आहे. परंतु सार्वजनिक पैसा दोन्हीकडे जातो हे एकदा मान्य केले म्हणजे खर्च करावा की नाही हा वाद संपतो, आणि कोणत्या खर्चातून समाजाच्या हाती टिकाऊ असे काही उरते, हा विचार सुरू होतो. शुल्काची प्रतिपूर्ती त्या वर्षाच्या विद्यार्थ्याबरोबर संपते. प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि अनुभवी अध्यापकवर्ग पन्नास वर्षे मागे उरतो.

मात्र तो उरला पाहिजे, आणि नेमकी तेथेच आपली कसूर होते. मंजूर झालेल्या अध्यापकांच्या जागा रिक्त ठेवून, तासिकेवर नेमलेल्या माणसांकडून काम भागवून जी बचत दाखविली जाते, ती खऱ्या अर्थाने बचत नव्हे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने वीस विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक असे प्रमाण घालून दिले आहे. ते पाळावयाचे नसेल तर इमारतीवर, यंत्रांवर आणि जमिनीवर गुंतलेले सारे भांडवल अर्धवट निकामी होते. धरण बांधून कालवा न खणणे यात जेवढे शहाणपण आहे तेवढेच यात आहे.

माझा निर्णय स्पष्ट आहे. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा लाभ खर्चाहून मोठा आहे, पण तो दोन अटींवर अवलंबून आहे. कालव्याच्या टोकावरील शेतकऱ्याला पाणी मिळाले नाही तर कालवा सार्वजनिक राहत नाही. त्याचप्रमाणे महागड्या शिकवणीवाचून प्रवेश परीक्षेस बसलेल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलामुलीला येथे जागा, वसतिगृह आणि जेवण मिळाले नाही, तर फुल्यांचा आक्षेप अक्षरशः खरा ठरेल आणि हे महाविद्यालय गरिबांच्या पैशावर चाललेली सधनांची सोय होऊन बसेल. दुसरी अट अध्यापकांच्या जागा भरण्याची. या दोन्ही अटी पाळल्या जातात की नाही हे नागरिकांना कळावे म्हणून प्रत्येक सरकारी महाविद्यालयाने दर वर्षी एक साधा ताळेबंद मराठीत प्रसिद्ध करावा: एका विद्यार्थ्यामागे किती खर्च झाला, विद्यार्थी कोणत्या शाळांतून आणि कोणत्या उत्पन्नगटांतून आले, किती जागा रिक्त राहिल्या, सार्वजनिक कामांच्या किती तपासण्या केल्या, आणि पदवीधर कोठे गेले. वाचकांनी आपापल्या विभागातील महाविद्यालयाकडे आणि आपल्या आमदाराकडे या ताळेबंदाची लेखी मागणी करावी, एवढीच विनंती आहे.